बंबाची वाट



पेडणे आणि डिचोली हे उत्तर गोव्यातील दोन तालुके. एकाला मांद्रे, मोरजी आणि हरमलचा समुद्रकिनारा लाभलेला. दुसऱ्याला मयेचे तळे, कुळागरे आणि लोहखनिजाच्या खाणी. परंतु घर म्हटले म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र डोळ्यांपुढे उभे राहत असे. चिऱ्यांच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे सारवलेले अंगण, अंगणात तुळस किंवा खुरीस, मागे विहीर आणि भोवती माडा-फणसांची दाटी. अशा घराला आग लागली तर शेजारचा माणूस कोणत्याही बाजूने धावून येऊ शकत असे. गडगा ओलांडण्यास एक उडी पुरे होई आणि विहिरीवरून घागरी हातोहात चालत. घर बैठे असल्यामुळे आतील माणसाला बाहेर पडण्यास दारे-खिडक्याही पुष्कळ असत.

हे चित्र आता पुष्कळ अंशी पालटले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पेडणे तालुक्यातील मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने ये-जा करू लागली. जमिनीला भाव आला. किनाऱ्याच्या गावांत आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंना सदनिकांची संकुले उभी राहू लागली. डिचोली आणि साखळी या दोन शहरांतही जुन्या घरांच्या जागी तीन-चार मजली इमारती दिसू लागल्या. अशा संकुलाला भोवती भिंत असते, एक फाटक असते, फाटकावर एक राखणदार असतो. आतील माणूस सुरक्षित राहावा म्हणूनच ही सर्व योजना. परंतु ज्या भिंतीने चोर बाहेर राहतो, त्याच भिंतीने धावून येणारा शेजारीही बाहेर राहतो. मदत आता यावयाची ती त्या एका फाटकातून आणि फाटकापासून इमारतीभोवती फिरणाऱ्या एका रस्त्यावरून. तो रस्ता मोकळा आहे किंवा नाही, यावर वरच्या मजल्यावरील माणसांचे जीवित अवलंबून असते. मोकळ्या ठेवावयाच्या या रस्त्यावर मोटारी उभ्या राहतात; त्या कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कशा हलवाव्यात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम या रस्त्याचे माप पाहू. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ साली सुधारून प्रसिद्ध झाली. पंधरा मीटर किंवा त्याहून उंच अशा इमारतींना या संहितेने उंच इमारती म्हटले आहे आणि त्यांच्यासाठी काही मापे सांगितली आहेत. इमारतीभोवतीची सहा मीटर रुंदीची जागा बंबाला फिरता येईल अशी, कठीण पृष्ठभागाची आणि पंचेचाळीस टनांपर्यंतच्या गाडीचा भार सोसणारी असावी. तिच्यात अडथळा नसावा. वळणे नऊ मीटर त्रिज्येची असावीत. अमेरिकेतील अग्निसंहितेतही बंबाच्या रस्त्याची रुंदी वीस फूट, म्हणजे सहा मीटरच सांगितली आहे. दूरदूरच्या देशांतील तज्ज्ञ एकाच आकड्यावर यावेत, याचे कारण कागदावर नाही, गाडीच्या अंगात आहे.

साधा बंब घेतला तरी तो सुमारे अडीच मीटर रुंद असतो. त्याच्या पोटात साडेचार हजार लिटर पाणी असले, तर नुसत्या पाण्याचेच वजन साडेचार टन होते. बंब आत आला म्हणजे काम संपत नाही, ते तेथून सुरू होते. त्याच्या दोन्ही अंगांना कप्पे असतात. त्यांतून नळ्या, तोंडे, श्वसनाची उपकरणे काढावयाची असतात. कप्पे उघडून माणसाला बाजूने धावता आले पाहिजे. वरच्या मजल्यावर पोचणारी शिडीची गाडी असेल, तर ती उलटू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी पाय पसरून ती जमिनीवर टेकवावी लागते आणि त्या पसरलेल्या पायांना पाच-सहा मीटर रुंदी सहज लागते. आता सहा मीटरांच्या रस्त्यावर एका कडेला मोटारींची रांग लावा. साधी मोटार पावणेदोन मीटर रुंद धरली, तर सव्वाचार मीटर उरतात. बंब आत जाईल, परंतु शिडीचे पाय पसरणार नाहीत. दोन्ही कडांना रांगा लावा. अडीच मीटर उरतील. अडीच मीटर रुंदीचा बंब अडीच मीटरांच्या फटीतून, आरसे आणि वळणे सांभाळून, रात्रीच्या अंधारात नेणारा चालक अद्याप जन्मावयाचा आहे. पेडणे-डिचोलीतील पुष्कळ इमारती पंधरा मीटरांहून ठेंगण्या आहेत आणि त्यांच्या आवारातील रस्ते सहा मीटरांहूनही अरुंद आहेत. तेथे दुसऱ्या रांगेची गरजच नाही. वळणावर उभी राहिलेली एकच मोटार पुरेशी होते.

बंब दूर उभा करावा लागला तर काय होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. पाण्याची नळी तुकड्यातुकड्यांची असते. पंधरा मीटरांचा एक तुकडा धरला, तर शंभर मीटर अंतरासाठी सात आणि चारशे मीटरांसाठी सत्तावीस तुकडे जोडावे लागतात. प्रत्येक जोडाला वेळ जातो, आणि नळी जितकी लांब तितका पाण्याचा जोर घर्षणाने घटत जातो. इकडे बंद खोलीतील आग पहिल्या काही मिनिटांतच साऱ्या सामानाला कवेत घेते. त्याहीपूर्वी धूर जिन्यात शिरतो. आगीत दगावणारी माणसे पुष्कळदा ज्वाळेने नव्हे, धुराने गुदमरून दगावतात. जिना धुराने भरला की वरच्या मजल्यावरील माणसाला उरतो तो सज्जा, आणि सज्जाखाली शिडी लागली पाहिजे. त्या जागी कोणाची तरी मोटार कुलूप घालून उभी असली, आणि तिचा मालक त्या वेळी कळंगुटला किंवा दिल्लीला असला, म्हणजे त्या सज्जावरील माणसाची अवस्था काय होईल, याचे वर्णन करण्याची गरज नाही.

गोव्याला या गोष्टीचा कडू अनुभव अगदी अलीकडे आला आहे. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास बारदेश तालुक्यातील हडफडे येथे एका रात्रीच्या क्लबाला आग लागली आणि पंचवीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पर्यटक थोडे आणि तेथे राबणारे कामगारच अधिक होते. बहुतेक जण गुदमरून गेले. तेथवर जाणारी वाट इतकी चिंचोळी होती की, बंब सुमारे चारशे मीटर अलीकडेच थांबवावे लागले. ते गृहसंकुल नव्हते आणि त्या अनर्थाला इतर कारणेही होती. त्यांचा विचार न्यायालयांनी व चौकशी करणाऱ्यांनी करावयाचा आहे. परंतु वाट नसली म्हणजे बंब असून नसल्यासारखा होतो, एवढा धडा हडफड्याने सर्वांना दिला आहे, आणि हडफड्याहून पेडणे काही फार दूर नाही.

दुसरे उदाहरण दूरच्या देशाचे आहे, पण ते या विषयाशी अधिक जुळते. दक्षिण कोरियातील जेचॉन या शहरात २१ डिसेंबर २०१७ रोजी एका आठ मजली इमारतीला आग लागली. आत व्यायामशाळा व स्नानगृहे होती. एकोणतीस माणसे दगावली. भोवतालच्या अरुंद रस्त्यांवर नियम मोडून उभ्या केलेल्या मोटारींमुळे शिडीच्या गाडीला सुमारे पाचशे मीटरांचा वळसा घ्यावा लागला. साऱ्या देशात संताप उसळला. पुढील वर्षी, २०१८ साली, तेथील कायदा बदलला. शंभर किंवा त्याहून अधिक कुटुंबे राहतात अशा नव्या गृहसंकुलात बंबासाठी सहा मीटर रुंद व बारा मीटर लांब अशी जागा पिवळ्या रेषांनी आखून राखून ठेवावी, आणि तेथे वाहन उभे करून अडथळा आणणाऱ्यास दहा लाख वॉनपर्यंत दंड व्हावा, असे ठरले. बंबाच्या वाटेत बेकायदा उभ्या राहिलेल्या गाडीला हलवताना ती मोडली, तरी मालकाला भरपाई मागता येणार नाही, असेही ठरले. मात्र हा दंड नव्या संकुलांना लागू झाला. जुनी संकुले आपल्या रहिवाशांच्या शहाणपणावर सोडली गेली. कायदा कितीही कडक असला तरी तो पुष्कळदा पुढच्या इमारतीला लागतो. आजच्या इमारतीला आजच्या रहिवाशांनीच सांभाळावयाचे असते.

आता आपल्याकडील कायदा काय म्हणतो ते पाहू. येथे एक रेषा नीट ध्यानात ठेवली पाहिजे. ती म्हणजे फाटकाची रेषा. फाटकाबाहेरचा कायदा एक आणि आतला दुसरा.

फाटकाबाहेरच्या रस्त्याला १९८८ सालचा मोटार वाहन कायदा लागू होतो. या कायद्याच्या एकशे बाविसाव्या कलमाप्रमाणे इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा ठिकाणी वाहन सोडून जाण्यास मनाई आहे. एकशे सत्ताविसावे कलम वाहन उचलून नेण्याविषयी आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक वेळ बेवारशी सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन ओढून नेण्याची किंवा त्याच्या चाकाला खोडा घालण्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. वाहनाच्या जागेमुळे रहदारीला धोका होत असेल तर ते तत्काळ हलवता येते. नेण्याचा खर्च मालकाच्या शिरावर, आणि दंड तो वेगळा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या दोनशे पंच्याऐंशीव्या कलमाप्रमाणे सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंडविधानात हाच दंड दोनशे रुपये होता. रस्त्यावर बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या चालकास तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितलेल्या आहेत. म्हणजे धावत्या गाडीने वाट अडवली तर कैद होऊ शकते, आणि उभ्या गाडीने रात्रभर अडवली तर दंडावर भागते. विचार करणाऱ्याला ही तफावत टोचल्यावाचून राहत नाही.

फाटकाच्या आत मात्र स्थिती वेगळी होते. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे ती जागा. ज्या आवारात शिरताना राखणदार नाव विचारतो, ते आवार सार्वजनिक म्हणावे काय, हा वादाचा विषय होतो. त्यामुळे संकुलातील वाहन उचलण्यासाठी पोलिसांना बोलावले असता, हा आपसातील मामला आहे, असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. उलट, सोसायटीने स्वतःच माणसे लावून दुसऱ्याची गाडी उचलून न्यावी, असा अधिकारही त्या कलमात कोठे दिलेला नाही. गाडीला ओरखडा आला, दिवा फुटला, की भांडण न्यायालयापर्यंत जाते. आत अधिकार चालतो तो रहिवाशांच्या आपसातील कराराचा: सोसायटीच्या उपनियमांचा, सदनिका घेताना केलेल्या करारनाम्याचा आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा. म्हणजे आतील नियम रहिवाशांनीच करावयाचा आणि रहिवाशांनीच पाळावयाचा.

या ठिकाणी रहिवाशांची एक खरी तक्रार ऐकून घेतली पाहिजे. मोटार ठेवावी तरी कोठे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, गोव्यातील शंभर कुटुंबांपैकी सुमारे पंचेचाळीस कुटुंबांपाशी मोटार आहे. साऱ्या भारताचे हे प्रमाण शंभरात आठाच्या आसपास, आणि मोटारींच्या बाबतीत गोवा सर्व राज्यांच्या पुढे. त्याशिवाय घरोघर एक-दोन स्कूटर असतात. संकुलाची आखणी झाली त्या वेळी दर सदनिकेला एक जागा धरलेली असते. आज मुलगा वेरण्याला कामाला जातो, सून म्हापशाला शिकवते आणि घरात दोन मोटारी येतात. बस वेळेवर मिळत नाही, हेही त्याचे कारण आहे. किनाऱ्याच्या गावांत आणखी एक भर पडते. पुष्कळ सदनिकांचे मालक परगावी राहतात आणि सदनिका पर्यटकांना चार-चार दिवस भाड्याने दिल्या जातात. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची मोटार घेऊन आलेला पाहुणा रात्री दोन वाजता मोकळी जागा दिसली तेथे गाडी लावून झोपी जातो. त्याला ती जागा कशासाठी मोकळी ठेवली आहे हे कोणी सांगितलेले नसते. सांगावयाचे ते राखणदाराने, आणि राखणदार बिचारा दुसऱ्या प्रांतातून पोटासाठी आलेला. मोटारवाल्याने डोळे वटारले की त्याला गप्प बसावे लागते, कारण उद्या नोकरी गेली तर त्याच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

काही ठिकाणी दोष आरंभापासूनचा असतो. नकाशात जो भाग मोकळा दाखवलेला असतो, त्यावरच पुढे आकडे रंगवून जागा विकल्या जातात. ज्याने पैसे मोजले त्याला ती जागा आपली वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कायदा तसे म्हणत नाही. मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असा निर्णय दिला की, इमारतीखालचा खांबांवरील वाहनतळ बिल्डरला सदनिकेप्रमाणे वेगळा विकता येत नाही. तो सर्वांच्या सामाईक भागात मोडतो. पुढे २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्यात उघड्या वाहनतळाचा समावेश सामाईक जागांतच केला गेला. तेव्हा बंबाच्या वाटेवर आकडा रंगवून घेतलेल्या जागेची पावती कोणापाशी असली, तरी त्या पावतीने वाट त्याची होत नाही. सदनिका घेणाऱ्याने खोल्या आणि सज्जा पाहावा, तसाच मंजूर नकाशाही मागून पाहावा आणि बंबाची वाट कोठून जाते ते बोट ठेवून विचारावे. पैसे दिल्यानंतर विचारण्यापेक्षा देण्यापूर्वी विचारणे केव्हाही स्वस्त पडते.

मग नियम कसा असावा? तो कडक असावा, पण न्यायाचा असावा. नुसता कडक नियम फार दिवस टिकत नाही. ज्याची गाडी अकस्मात उचलली गेली, तो शेजाऱ्याचा वैरी होतो आणि पुढच्या सभेत नियमच उलथून टाकतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात खाजगी आवारातून गाड्या उचलण्याची पद्धत फार जुनी असल्यामुळे तेथील कायद्याने दोन्ही बाजूंचा विचार केला आहे. आवाराच्या प्रत्येक प्रवेशाशी सतरा इंच बाय बावीस इंच मापाची पाटी हवी, अक्षरे इंचभर उंचीची हवीत, आणि पोलिसांचा व गाडी नेणाऱ्या मंडळीचा दूरध्वनी क्रमांक त्या पाटीवर हवा. एरवी प्रत्येक गाडी उचलण्यासाठी जागेच्या मालकाची लेखी संमती लागते. परंतु बंबाच्या वाटेत उभी राहिलेली गाडी तशा वेगळ्या संमतीवाचून हलवता येते. गाडी आवाराबाहेर जाण्यापूर्वी तिचा मालक धावत आला, तर ती त्याला परत द्यावी लागते. गाडी नेल्यावर पोलिसांना कळवावे लागते, म्हणजे मालकाला ती चोरीस गेली असे वाटत नाही. या पद्धतीतले सार एवढेच की, आधी स्पष्ट सूचना द्यावी आणि मगच शिक्षा करावी.

आपल्याकडील संकुलांना त्यातून पुष्कळ घेता येईल. सर्वसाधारण सभेत ठराव करून बंबाची वाट नकाशावर निश्चित करावी. ती जमिनीवर ठळक रंगाने आखावी. पावसाळ्यात रंग उडतो, म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास ती पुन्हा रंगवावी. फाटकाशी मराठी, कोंकणी, हिंदी व इंग्रजी अशा चारही भाषांत पाटी लावावी, कारण पेडण्यात येणारा पाहुणा कोठला असेल ते सांगता येत नाही. प्रत्येक वाहनाचा क्रमांक व मालकाचा दूरध्वनी राखणदाराच्या वहीत असावा. सदनिका पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्या मालकाने त्यांच्या गाडीची जागा आधी सांगावी; ती नसेल तर पाहुण्याने गाडी बाहेर कोठे ठेवावी तेही सांगावे. त्याच्या पाहुण्याने वाट अडवली तर दंड त्या मालकाच्या देखभालीच्या खात्यावर पडावा, म्हणजे परगावी बसूनही त्याला आपल्या सदनिकेची आठवण राहील. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी दंड, आणि तरीही न ऐकणाऱ्याच्या चाकाला खोडा, अशी चढती पायरी असावी. खोडा घातल्याने गाडी तेथेच राहते, म्हणून बंबाच्या वाटेत तो कधीही घालू नये. तेथील गाडी मालकाला झोपेतून उठवून तत्काळ हलवावी. ती अनोळखी असेल तर पोलिसांना कळवून, छायाचित्र घेऊन आणि दोन साक्षीदारांसमक्ष ती आवारातच दुसऱ्या जागी सरकवावी. हे अधिकार ठरावात लिहिलेले असले म्हणजे राखणदारही निर्भयपणे बोलेल. तो स्वतःचे म्हणणे सांगत नाही, साऱ्या सोसायटीचे सांगत आहे, हे मोटारवाल्याला कळले पाहिजे.

वाटेवर मोटारीच तेवढ्या अडथळा करतात असे नाही. कोणी कुंड्यांची रांग मांडतो. कोणी चवथीच्या मंडपाचे किंवा नाताळच्या गोठ्याचे सामान वर्षभर तेथेच रचून ठेवतो. विजेच्या व दूरदर्शनच्या तारा खाली लोंबतात, फाटकावर शोभेची कमान बांधली जाते, आणि त्या कमानीखालून मोटार जाते म्हणून बंबही जाईल असे गृहीत धरले जाते. बंबाच्या टपावर शिडी असते. कमानीची उंची एकदा दोरीने मोजून पाहण्यास पाच मिनिटे लागतात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आग काही रोज लागत नाही. मग वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस एवढी जागा ओसाड का टाकावी? याचे उत्तर असे की, ही जागा ओसाड नाही. ती दुसऱ्या कोणासाठी तरी राखलेली आहे, आणि तो केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळेच ती रोज राखावी लागते. शिवाय आग क्वचित लागत असली तरी रुग्णवाहिका क्वचित येत नाही. इमारतीत वृद्ध माणसे असतात. रात्री कोणाच्या छातीत कळ येते, कोणाला प्रसूतीच्या वेणा सुरू होतात, आणि एकशे आठ क्रमांकावरून बोलावलेली गाडी याच वाटेने आत येते. डिचोलीतील चढाच्या गल्लीत किंवा मांद्र्याच्या वळणावर दोन माणसांनी रुग्णाला झोळीत घालून शंभर पावले चालत न्यावे लागले, तर त्या शंभर पावलांची किंमत कोणत्या मोटारीने भरून निघेल?

खरे पाहता, वाटेचे महत्त्व गोमंतकीय माणसाला कोणी शिकवावे असे नाही. आपल्या गावांत घराकडे जाणाऱ्या तीन हातांच्या पाणंदीसाठी पिढ्यानपिढ्या दावे चालले आहेत. कोणी पाणंदीत काटेरी कुंपण घातले तर माणसे मामलेदाराच्या कचेरीचे उंबरठे झिजवतात. वाटेचा हक्क म्हणजे काय, हे निरक्षर म्हातारीलाही समजते. गावातील देवाची पालखी ज्या वाटेने जाते, तेथे कोणी लाकूडफाटा टाकत नाही. चर्चच्या फेस्ताची मिरवणूक निघावयाची असली म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक आपण होऊन रस्ता झाडून ठेवतात. त्यासाठी पोलीस लागत नाही, दंडाची पाटी लागत नाही. ती वाट एकट्याची नाही, सर्वांची आहे, ही जाणीव पुरेशी होते. तोच माणूस सदनिकेत राहावयास गेला की सहा मीटरांच्या वाटेवर आपली मोटार आडवी लावतो, याला दुष्टपणा म्हणता येणार नाही. जुन्या गावात वाटेच्या पलीकडे कोणाचे घर आहे हे त्याला दिसत होते. नव्या संकुलात त्याच्या मोटारीच्या पलीकडे कोण राहते, हेच त्याला माहीत नसते.

म्हणून नियमाइतकीच ओळखीची गरज आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. पेडण्याला अग्निशमन केंद्र आहे, डिचोलीलाही आहे. त्या सप्ताहात प्रत्येक संकुलाने आपल्या केंद्राला पत्र लिहून विनंती करावी की, एकदा बंब आमच्या आवारात आणून दाखवा. बंब फाटकातून आत येतो का, वळणावर अडतो का, शिडीचे पाय टेकतात का, हे सर्व रहिवाशांनी मुलाबाळांसह सज्जात उभे राहून पाहावे. जेथे तो अडेल तेथे कोणाची गाडी उभी आहे, हे त्या वेळी निराळे सांगावे लागणार नाही. लहान मुले तर ते मुळीच विसरणार नाहीत. संध्याकाळी बाप मोटार लावू लागला की तीच त्याला हटकतील. आग लागल्यास १०१ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावयाचा, हेही त्याच दिवशी सर्वांना पाठ होईल.

बंब बोलावणे हे एका माणसाचे काम आहे. फोन उचलला, क्रमांक फिरवला की ते झाले. बंब दारापर्यंत पोचवणे हे मात्र साऱ्या इमारतीचे काम आहे, आणि ते आग लागल्यावर करता येत नाही. ते आदल्या संध्याकाळी, मोटारीचे इंजिन बंद करण्यापूर्वी करावे लागते. पेडणे आणि डिचोलीतील प्रत्येक रहिवाशाने आज रात्री खाली उतरून आपली गाडी कोठे उभी आहे एवढे पाहिले, आणि ती वाटेत असल्यास चार हात बाजूला घेतली, तरी वरच्या मजल्यावर झोपलेल्या कोणाचे तरी देणे फिटल्यासारखे होईल.